बिरूनं बरणीत तुरटी फिरवली

धाराशिवपासून समुद्र किती लांब, असं बिरूला कुणी विचारलं असतं तर त्यानं ते मेंढरांच्या मुक्कामांत मोजून सांगितलं असतं. महिन्याभराची वाट, आणि शेवटी घाट. पण कुणी विचारलं नाही, आणि त्यानं समुद्र कधी पाहिलाही नव्हता. तरी एकोणीसशे एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात समुद्राच्या तळाचा एक तुकडा त्याच्या राखणीत होता. नव्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, वरून दुसऱ्या फळीवर, काचेच्या बरणीत.

बिरू मूळचा उमरग्याकडचा. धनगराचं घर, बापाच्या हातची दीडशे मेंढरं. ती एका सालात देवीच्या रोगानं गेली. उरलेली सात कुणाच्या तरी कळपात देऊन तो आणि त्याची बायको हरणाबाई धाराशिवला आली आणि गावाच्या कडेला खोपट घालून राहिली. कॉलेजात तो आधी पाणी भरायला लागला. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या राघवेंद्र सरांनी एकदा त्याला काचसामानाची पेटी उचलताना पाहिलं. काखेत ओलं कोकरू धरावं तशी त्यानं ती धरली होती. सरांनी त्याला प्रयोगशाळेत मागून घेतलं. चार वर्षांत त्याच्या हातून एक काचनळी फुटली नाही. अक्षर त्याला येत नव्हतं, पण पन्नास बरण्यांतली कुठली कुणाची हे तो पाठीमागून ओळखायचा. शंभर मेंढरांतून आपलं एक ओळखणाऱ्याला त्यात काय अवघड होतं?

नोकरी मात्र हंगामी. दर जूनमध्ये नवा हुकूम निघायचा, आणि दर मे महिन्यात बिरूची झोप उडायची. या वर्षी प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्याला बोलावून सांगितलं होतं, जूनमध्ये औरंगाबादहून विद्यापीठाची कमिटी येईल, विज्ञान शाखा पसंत पडली की प्रयोगशाळेचा एक माणूस कायम होईल, आणि तो तूच.

समुद्राची बरणी आली ती त्याआधीच्या हिवाळ्यात. राघवेंद्र सर तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातले, हैदराबादला शिकून आलेले, अजून तिशीच्या आतले. नाताळच्या सुट्टीत ते मालवणला गेले आणि ओहोटीच्या वेळी खडकाच्या कपारीत हात घालून छिन्नीनं हा तुकडा काढून घेऊन आले. वीतभर काळा दगड, आणि त्याच्यावर पांढरी, मऊ, सायीसारखी दाट साल. सालीवर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं.

"ह्यो दगड कशाला आणला सर? इथं काय कमी हायती?" बिरूनं विचारलं होतं.

"दगडावर काय आहे ते बघा, बिरूभाऊ. ते जिवंत होतं. एक जीव नाही, शेकडो. हे एकेक भोक म्हणजे एकेकाचं तोंड. जो तो आपल्या तोंडानं पाणी ओढतो, त्यातलं खाणं गाळून घेतो. पण वापरलेलं पाणी बाहेर टाकायची वाट सगळ्यांची मिळून एक. आणि अंगावरचं पांघरूणही सगळ्यांत एक."

बिरू बराच वेळ बघत राहिला. "एका घोंगड्याखाली पंगत बसल्यावानी," तो म्हणाला. "नाव काय म्हनायचं ह्येला?"

"मराठीत कुणी ठेवलं नाही अजून. यांच्यातले काही मोठे असतात, एकेकटे राहणारे. त्यांना दाबलं की पाण्याची चिळकांडी उडते. तुम्ही आपली समुद्राची पिचकारी म्हणा."

मग सरांनी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. हा जीव लहान असताना बेडकाच्या पिलासारखा असतो. शेपूट असते, पाठीत कण्यासारखी दोरी असते, पोहतो. पोहत पोहत खडक शोधतो, डोक्याकडून त्याला चिकटतो, आणि एकदा चिकटला की शेपूट आणि ती दोरी आतल्या आत जिरून जाते. मग मरेपर्यंत जागा सोडत नाही.

"म्हंजे पोरपनी हिंडून घेतंय आन् मग एका जागी कायम हुतंय," बिरू म्हणाला. "बेस हाय. त्येला दर जूनला हुकूम लागत न्हाय."

सर हसले. हसता हसता त्यांनी कागदाच्या पुडीतून चिमूटभर पांढरी खडेदार भुकटी बरणीत टाकली, वर औषधाचं पाणी ओतलं, झाकणाच्या कडेनं मेण लावलं. भुकटी कशाची हे त्यांनी सांगितलं नाही आणि बिरूनं विचारलं नाही. इतकंच म्हणाले, "असा नमुना माझ्या पुस्तकात नाही. मद्रासला एका जाणकाराला पत्र घातलंय. सुट्टीनंतर त्यांच्याकडे पाठवू, ते नाव सांगतील. तोवर या बरणीला जपा. पांढऱ्या सालीला काही होता कामा नये."

एप्रिल संपता सर तुळजापूरला घरी गेले. जाताना बिरूला एक बाटली देऊन गेले. बरणीतलं पाणी उतरलं की यातलं घालायचं.

त्या वर्षी मे महिन्यात धाराशिवची पत्र्याची छपरं दुपारी तडतडत होती. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना बिरूनं ओली पोती बांधली, तरी झाकणांचं मेण पाघळलं आणि पाणी उडायला लागलं. बिरू एकेक बरणी भरत गेला. डोळ्यांतून पाणी आणणारा तो वास त्याच्या सदऱ्यात, भाकरीत, घोंगडीत बसला. महिना सरता बाटली रिकामी झाली. आणि त्याच सुमाराला समुद्राच्या बरणीतलं पाणी गढूळ झालं. आधी ताकाच्या निवळीसारखं, मग ताकासारखंच. आतला दगड दिसेना.

जून उजाडला. कमिटी चौदा तारखेला, बुधवारी येणार असल्याचं पत्र आलं. हेडक्लार्क गोपाळकृष्णराव पाहणी करायला आले. हे निजामाच्या दफ्तरात तरुणपणी उमेदवारी केलेले गृहस्थ. राज्य गेलं, भाषा बदलली, तरी तपासणीला ते अजून मुआयनाच म्हणायचे. ते फळ्यांवरून काठी फिरवत आले आणि समुद्राच्या बरणीपाशी थांबले.

"यात काय आहे? ताक घुसळलंयस?"

"समुद्राचा जीव हाय सायेब."

"जीव कुठं आहे? मला तर नुसता गढूळपणा दिसतोय. बिरू, मुआयन्याला येणारे लोक तुझं तोंड बघणार नाहीत, बरण्या बघणार. ही अशी दिसली तर तुझा कायमचा हुकूम मी टाइपसुद्धा करणार नाही. शाई फुकट जाईल."

ते गेले. बिरू स्टुलावर बसून राहिला. सरांना कार्ड घालायला हवं होतं, पण लिहून कुणाकडून घ्यायचं? गोपाळकृष्णरावांकडून? सगळी मास्तर मंडळी सुट्टीवर. त्यानं बरणीकडं पाहिलं, आणि त्याला आपल्या खोपटातला रांजण आठवला. उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या की शेवटचं पाणी असंच यायचं, गढूळ. हरणाबाई त्यात तुरटीचा खडा सात वेळा फिरवायची, आणि सकाळी पाणी असं व्हायचं की तळातला ओरखडा दिसावा. आपल्या मुलखात तुरटीशिवाय उन्हाळ्याचं पाणी कोण पितो? आणि सरांनी स्वतः बरणीत पांढरे खडे टाकलेले त्यानं डोळ्यांनी पाहिले होते. तुरटीच ती. दुसरं काय असणार?

गुरुवारी त्यानं घरून खडा आणला. काचेच्या कांडीला दोऱ्यानं बांधला आणि बरणीत हळूहळू सात वेळा फिरवला. दोरा सुटला आणि बोराएवढा तुकडा तळाशी गेला. तो त्यानं राहू दिला. राहिला तर गुणच करील.

शुक्रवारी सकाळी गाळ तळाला बसला होता. वरचं पाणी काचेसारखं. दगड दिसत होता, पांढरी साल दिसत होती, एकेक तोंड मोजता येत होतं. बिरूनं खिडकीचं पोतं बाजूला करून उन्हात बरणी पाहिली. त्या दिवशी तो दुपारची भाकरी पोटभर जेवला.

शनिवारी त्याला सालीची कड वेगळी दिसली. पांढरी नव्हती. मांसातल्या कूर्चेसारखी, आरपार. त्याला वाटलं उजेडाचा खेळ. रविवारी कॉलेज बंद असतं, पण किल्ली त्याच्या करदोट्याला होती. सकाळीच जाऊन त्यानं पाहिलं. दोन बोटं रुंदीची कड आरपार झाली होती आणि तिच्याखालचा काळा दगड दिसत होता. साल जागच्या जागी होती, भोकंही होती. गेला होता तो नुसता पांढरेपणा. दुपारी तो परत गेला. दोनाची अडीच बोटं झाली होती.

मेलेलं आणखी कसं मरतं, हे त्याला कळेना. मेंढराला रोग लागला तर कान गार लागतात, डोळे गळतात, काहीतरी कळतं. इथं हात लावायलाही जागा नव्हती. त्यानं तळातला खडा चिमट्यानं काढायचा प्रयत्न केला, तर खडा नव्हताच. विरघळून गेला होता. पाणी ओतून टाकावं तर दुसरं घालायला बाटलीत थेंब नाही. साधं पाणी घातलं तर दोन दिवसांत सडेल.

घरी हरणाबाई मटकीची उसळ ढवळत होती. तिनं त्याच्याकडं न बघताच विचारलं, "काय झालं? सांजच्यापून तीनदा चिलीम भरली आन् एकदाबी पेटवली न्हाय."

त्यानं सांगितलं. ती उसळ उतरवून समोर येऊन बसली.

"पानी निवळ हाय न्हवं?"

"निवळ हाय."

"कमिटीला पानी निवळ दिसंल. साल पांढरी हुती का काळी, त्यांस्नी काय ठावं? बुधवारी येतील, बघतील, जातील. हुकूम हातात पडंल."

"मलाबी त्येच वाटतंय," बिरू म्हणाला. "तीन दिस गप ऱ्हायाचं. पर तीन दिसांत पांढरं काय बी ऱ्हानार न्हाय. आज गेलो सरांकडं तर थोडं वाचंल."

"आन् बरणी घिऊन गेलात तर? कालेजची वस्तू. विचारल्याबिगर भाईर काडली म्हून त्यो हेडक्लार्क तुमाला चोर ठरवंल."

"व्हय."

मग हरणाबाईच म्हणाली, आवाज खाली करून, "त्या टायमाला बी तुमी तीनच दिस झाकलं हुतं."

बिरूनं मान वर केली नाही. ती कशाबद्दल बोलत होती हे दोघांनाही पाठ होतं. देवीचा रोग आला त्या साली पहिली मेंढी आजारी पडली तेव्हा तिच्या तोंडावरचे फोड बिरूनं पाहिले होते. बाकीच्या धनगरांना कळलं तर आपला कळप वाड्याबाहेर काढतील, पाण्यावर येऊ देणार नाहीत, म्हणून त्यानं तिला कळपाच्या मधोमध लपवून ठेवलं. उद्या बरी होईल, परवा होईल. चौथ्या दिवशी फोड चाळीस तोंडांवर होते.

"म्या तुमाला जा म्हनत न्हाय," हरणाबाई म्हणाली. "आन् ऱ्हा बी म्हनत न्हाय. पर ह्या खोपटात आनीक एकदा तसलं तोंड घिऊन बसू नगा. मला बघवत न्हाय."

सोमवारी पहाटे बिरूनं प्रयोगशाळा उघडली, बरणी घोंगडीत गुंडाळली आणि किल्ली पहारेकऱ्याकडं दिली. तुळजापूरची पहिली एस.टी. सुटायला आली होती. मागच्या बाकावर बसून त्यानं बरणी मांडीत धरली. रस्ता कच्चा, गाडी खड्ड्याखड्ड्यात उडत होती. प्रत्येक खड्ड्याला तो बसल्या जागी उठायचा, म्हणजे हिसका गुडघ्यांत जिरावा. तरी झाकणाच्या कडेनं थेंब आले आणि वास गाडीभर पसरला. शेजारचा म्हातारा नाकाला उपरणं लावून दोन बाकं पुढं गेला.

कंडक्टर आला. नाक मुरडत म्हणाला, "काय हाय रं ह्यात? हातभट्टी न्हाय न्हवं? पुढं नाक्यावर गाडी थांबली तर तुझ्यासंगं मलाबी बसवतील."

"औषिद हाय."

"कुनाचं?"

बिरूला खोटं सुचलं नाही. त्यानं घोंगडीचा कोपरा उचलून दाखवलं. कंडक्टर वाकून बघत राहिला. "ह्ये काय? तांदळाची खीर दगडाला फासल्यावानी."

"समुद्रातला जीव हाय. लई जनं हायती."

"मंग टिकीट किती जनांचं फाडू?" कंडक्टर म्हणाला, आणि गाडी हसली. बिरूनंही हसायला हवं होतं. तो उजेडात कड बघत होता. साडेतीन बोटं.

आणि त्याला काळजी काही एकाच गोष्टीची नव्हती. सर घरी नसले तर? कुठं लग्नाला गेले असले तर? उन्हात ही बरणी घेऊन आपण परत येणार, तोवर गोपाळकृष्णरावांनी फळी बघितलेली असणार. तुळजापूरचा घाट आला तसं त्यानं मंदिराच्या दिशेनं हात जोडले. मांडीवर बरणी होती म्हणून एकच हात कपाळाला लावला.

सर घरी होते. दारात बिरूला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि घोंगडी सुटली तसा उतरला. त्यांनी बरणी ओट्यावर ठेवली, भिंग आणलं आणि कडेकडेनं साल तपासली. आतून त्यांची आई सरोजिनीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"काय घातलं यात?" सरांनी विचारलं.

"तुरटी. पानी गढूळ झालं हुतं. तुमी बी घातली हुती न्हवं, पांढरे खडे."

सरांनी डोळे मिटले. "तुरटी नव्हती ती. टाकणखार होता, सोनार वापरतात तो." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "बिरूभाऊ, तुम्ही तंबाखूला चुना लावता. चुन्यावर लिंबू पिळलं तर काय होतं?"

"फसफसतंय. चुना मरतो."

"या सालीत चुन्याच्या बारीक बारीक चांदण्या असतात. भिंगातूनसुद्धा नीट दिसत नाहीत इतक्या बारीक. पांढरं दिसतं ते त्यांच्यामुळं. आणि तुरटी आंबट. ती चांदण्या खात सुटली. हे औषधाचं पाणीही मुळात थोडं आंबटच, म्हणून मी टाकणखार घालत होतो. त्या चांदण्यांचा आकार बघून त्याचं नाव ठरतं. त्या गेल्या की..." ते थांबले. "हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. नुसतं जपा म्हणालो."

बिरू ओट्याच्या कडेला उभा होता. शिव्या मिळाल्या असत्या तर त्याला उभं राहणं सोपं गेलं असतं.

मग मात्र सर उठले. सोनारआळीतून टाकणखार आला. ओळखीच्या डॉक्टरांकडून स्पिरिटची बाटली आली. सरोजिनीबाईंनी सोवळ्याच्या हद्दीबाहेर परसात एक परात दिली आणि बजावलं, "राघव, ही परात पुन्हा घरात येणार नाही." सरांनी दगड काढून टाकणखाराच्या पाण्यात धुतला, तीनदा. बिरूनं तो दोन्ही तळव्यांवर धरला होता. साल ओली, गार, नवजात कोकराच्या जिभेसारखी. दगडाच्या खालच्या खोबणीत, जिथं पाणी कमी पोचलं होतं, तिथं अंगठ्याच्या नखाएवढा भाग अजून पांढरा होता. दाट, पहिल्यासारखा.

"हे राहिलं," सर म्हणाले. "उद्यापर्यंत हेही गेलं असतं." त्यांनी बरणी धुऊन तिच्यात स्पिरिट भरलं आणि दगड पुन्हा आत ठेवला.

संध्याकाळच्या गाडीनं दोघं धाराशिवला परतले. वाटेत सर म्हणाले, "उद्या प्रिन्सिपॉलसाहेब विचारतील. मी सांगतो, मीच निरोप पाठवून बरणी मागवली होती. तुम्ही गप्प राहायचं." बिरूनं मान हलवली. मान कुठल्या बाजूला हलली हे त्यालाही नक्की माहीत नव्हतं.

मंगळवारी सकाळी बोलावणं आलंच. गोपाळकृष्णराव कागद हातात घेऊन उभे होते. सोमवारी फळीवरची जागा रिकामी सापडली, परवानगीशिवाय कॉलेजची वस्तू बाहेर गेली, असं त्यावर होतं. सर म्हणाले, "मी बोलावलं होतं त्यांना. निरोप पाठवला होता."

प्रिन्सिपॉल वयस्क, शांत गृहस्थ. त्यांनी बिरूकडं पाहिलं. "सरांनी निरोप पाठवला होता?"

बिरूनं हुकमाचा विचार केला. उद्याची कमिटी, हरणाबाई, गळकं खोपट. एका 'व्हय'चं काम होतं. खोलीत पंखा फिरत होता आणि त्याच्या सदऱ्यातून तो वास अजून येत होता.

"न्हाय सायेब," तो म्हणाला. "सरांनी न्हाय बोलवलं. तुरटी म्या घातली आन् बरणी बी म्या सवता नेली. झाकून ठिवली असती तर कुनाला कळलं नसतं. पर ती ऱ्हायली नसती."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. गोपाळकृष्णरावांनी हातातला कागद टेबलावर ठेवला.

प्रिन्सिपॉल म्हणाले, "नियम तुझ्या बाजूनं नाही, बिरू. कागद झालाय, तो मला फाडता येत नाही. या वर्षी कायमचा हुकूम निघणार नाही. हंगामी निघेल. पुढच्या जूनमध्ये पुन्हा बघू."

बुधवारी कमिटी आली. फळ्या बघितल्या, बरण्या बघितल्या, विज्ञान शाखा पसंत केली. समुद्राच्या बरणीपुढं एक सदस्य थांबले आणि दगडाची ही बाजू अशी का, म्हणून विचारू लागले. सर त्यांना खोबणीतला पांढरा भाग दाखवत होते. बिरू दाराशी पाण्याचे पेले घेऊन उभा होता.

घरी हरणाबाईनं आधी हुकमाचं विचारलं नाही. "किती ऱ्हायलं?" तिनं विचारलं.

"नखाएवढं."

"पुरंल का?"

"सर म्हनतात, पुरंल बहुतेक. सगळं एकदम मद्रासला न्हाय पाठवायचं. त्यातलं बी अर्धं इथं ठिवायचं."

ती उठून भाकरी थापायला बसली. हुकूम हंगामी असल्याचं तो जेवताना बोलला. ती 'बरं' म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

तेव्हापासून बिरू रोज सकाळी प्रयोगशाळा उघडायचा तो झाडायच्या आधी, खिडक्यांच्याही आधी, दुसऱ्या फळीपाशी जायचा. बरणी थोडी वळवायचा. आणि खोबणीत डोळा लावून, आपल्या अंगठ्याचं नख काचेशेजारी धरून, पांढरं कालच्याइतकंच आहे का ते बघायचा. ते कालच्याइतकंच असायचं. तरी दुसऱ्या दिवशी उंबरा ओलांडला की त्याचं नख पुन्हा काचेला लागायचंच.